कीबोर्डची पिन

"भाऊसाहेब, तुम्ही फक्त बघायचं. बोलायचं नाही. खोकला आला तर खिडकीकडं तोंड करून खोका," मगदूम साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला हसू आलं नाही. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी सांगलीपासून तासाभरावरच्या अंध मुलींच्या शाळेत लिपिक होतो. नाव भूपाल चौगुले, पण शाळेत लिपिकाला नाव नसतं, त्याला भाऊसाहेबच म्हणतात. मगदूम साहेब संस्थेचे अध्यक्ष, साखर कारखान्यातले निवृत्त इंजिनियर. ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मी भिंतीला टेकून उभा होतो. खिडकीजवळच्या टेबलाशी रेश्मा नदाफ बसली होती, आणि त्या दिवशी खरी परीक्षा तिची होती.

रेश्मा आमच्याच शाळेत वाढलेली. जन्मापासून दिसत नाही. पुण्याला कॉम्प्युटर शिकून चोविसाव्या वर्षी परत आली. त्याच सुमाराला एका बँकेनं आम्हाला सहा जुने कॉम्प्युटर देऊन टाकले. आतली सिस्टीम पुसलेली, नुसती रिकामी मशीनं. रेश्मा म्हणाली, सिस्टीम म्हणून त्यात लिनक्स टाकू. ते फुकट मिळतं, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं, आणि मुख्य म्हणजे मशीनमध्ये बसवतानाच बोलायला लागतं. त्यामुळं ते बसवायलाही डोळस माणूस लागत नाही.

मगदूम साहेबांचा प्रश्न साधा होता. "पोरगी शिकवेल उत्तम, त्यात वाद नाही. पण मशीन अडलं तर? दर वेळी डोळे कुणाचे उसने आणायचे?" म्हणून त्यांनीच ही परीक्षा काढली. एका कोऱ्या मशीनवर रेश्मानं एकटीनं लिनक्स बसवून दाखवायचं. दहा ते एक एवढा वेळ. पडद्यावर काय दिसतंय ते तिला कुणी सांगायचं नाही. कुणी सांगितलं नाही याचा साक्षीदार मी. जमलं तर कॉम्प्युटर शिक्षिकेची जागा तिची.

आणि जमलं नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. सकाळी व्हरांड्यात साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "नाही निभावलं तर तुमची पद्मजा आहेच की."

पद्मजा माझी मुलगी. बी.सी.ए. करून दोन वर्षं घरात बसली होती. स्थळं येत होती आणि "मुलगी काय करते?" या प्रश्नावर चहा संपवून परत जात होती. तिचा अर्ज मी स्वतः टाइप केला होता. तो घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात होता.

पुढचं कळायचं तर आमच्या शाळेचा एक नियम आधी सांगायला हवा. मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट आहे. कुणीतरी व्हरांड्यातलं बाक दोन हात पुढं सरकवलं, आणि धावत आलेल्या एका मुलीचे पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून नियम झाला. कुठलीही वस्तू जागची हलवली की मोठ्यानं आवाज द्यायचा. काय हललं, कुठून कुठं गेलं. "बादली, नळाखालनं दाराशी!" ज्यांना ऐकू आलं त्यांनी म्हणायचं, "ऐकलं!" कुणीच ऐकलं म्हटलं नाही, तर म्हणेपर्यंत पुन्हा आवाज द्यायचा. दिसणाऱ्यांनाही सूट नाही. उलट आम्हालाच जास्त बजावलेलं, कारण वस्तू हलवायची खोड आम्हालाच. मला तर घरीही सवय लागली होती. चहाचा कप उचलला तरी तोंडातून निघायचं, "कप, टेबलावरनं खिडकीत." बायको आतून म्हणायची, "ऐकलं बाई, ऐकलं. आता विसळा."

तर दहा वाजता रेश्मानं मशीनचं बटण दाबलं, ड्रॉवर उघडून डिस्क घातली आणि बोटं कीबोर्डवर ठेवून बसली. डिस्क घरघरली. मग एक बारीक शिट्टी वाजली. तिनं लगेच एक बटण दाबलं, एंटर मारलं. मिनिटभरानं स्पीकरमधून नाकातल्या नाकात बोलणारा एक पुरुषी आवाज इंग्रजीत सुरू झाला. सरावाच्या वेळी मुलींनी त्याचं नाव सर्दी मामा ठेवलं होतं.

"आला मामा," रेश्मा म्हणाली. मगदूम साहेब खुर्चीत पुढं सरकले. त्यांनाही मौज वाटली असावी.

मामानं भाषांची लांबलचक यादी वाचली आणि कुठली पाहिजे तिचा आकडा विचारला. रेश्मानं आकडा दाबला. एंटर मारलं. मामा गप्प.

तिनं पुन्हा दाबलं. गप्प. दुसरी बटणं दाबली. गप्प. तिनं मशीन बंद केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शिट्टी, बटण, एंटर, मामा, यादी. आकडा दाबला की पुन्हा सगळं मेल्यासारखं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"कीबोर्ड लागत नाही, साहेब. म्हणजे आधी लागतोय. शिट्टीनंतरचं बटण त्यानं घेतलं, म्हणून तर आवाज आला. इन्स्टॉलर, म्हणजे लिनक्स बसवणारा प्रोग्रॅम, सुरू झाला की मरतोय."

"शनिवारी चाललं होतं म्हणे?"

"शनिवारी दोनदा बसवलं होतं. याच मशीनवर."

तिसऱ्या वेळी मला एक गोष्ट दिसली. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा होता. मशीन सुरू झालं की तो लागायचा, शिट्टीपर्यंत लागलेला असायचा, आणि मामा बोलायला लागायच्या जरा आधी विझायचा. रेश्माला तो दिसणं शक्य नव्हतं. विझलेल्या दिव्याकडं बघता बघता मला सकाळ आठवली.

सकाळी आमच्या सेविका अक्काताई आल्या नव्हत्या. अध्यक्ष यायचे आणि खोलीत हा धुरळा, म्हणून फडकं घेऊन मीच कामाला लागलो. टेबलाखालचं मशीन भिंतीला टेकवून ठेवलेलं. ते ओढलं, मागच्या सगळ्या वायरी काढल्या, झाडून पुसून घेतलं. मागच्या बाजूला एका खाचेशेजारी कुणीतरी कपाळाची टिकली चिकटवली होती. पोरींचा चावटपणा, असं म्हणून ती मी नखानं खरवडून काढली. मग वायरी परत लावल्या. कीबोर्डची पिन बसेल अशा सहा खाचा होत्या, वर दोन निळ्या आणि खाली चार काळ्या. पिन पूर्वी कुठल्या खाचेत होती ते मी बघून ठेवलं नव्हतं. निळी खाच नवीकोरी दिसली, तीत लावली. मशीन परत ढकलून भिंतीला लावलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. घाई होती. आवाज मी दिला नाही.

तोवर हे पाप नव्हतं, नुसती चूक होती. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण शनिवारी चाललेली गोष्ट सोमवारी चालत नाही आणि मध्ये तिला फक्त माझा हात लागलाय, एवढं कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. "रेश्मा, कीबोर्डची पिन हलली."

तोंड उघडलंही होतं. आणि तेवढ्यात मला आठवलं की मला बोलायची मनाई आहे. किती सोयीची मनाई! अध्यक्षांनी स्वतः घातलेली. मी तोंड मिटलं. खिशातला कागद छातीला टोचत होता, खोटं कशाला सांगू.

रेश्मा आपलं काम करत होती. तिनं डिस्क काढली, ओढणीच्या टोकानं पुसली, पुन्हा घातली. काही होईना. शिट्टीनंतर नुसतं एंटर न मारता तिनं कसलीशी लांब ओळ टाइप केली, एकेक अक्षर ओठांत म्हणत. मामा आला, पण कीबोर्ड पुन्हा मेला. दुसरी ओळ टाइप केली, मग तिसरी. प्रत्येक वेळी मशीन बंद करा, चालू करा, शिट्टीची वाट बघा, मामाची सगळी यादी ऐका. साडेदहा वाजले, मग पावणेअकरा. मशीनच्या अंगावर हात ठेवून ती आतली थरथर तपासायची, डॉक्टर पोट तपासतात तशी.

"अडकलंय म्हणायचं का मशीन?" साहेबांनी विचारलं. त्यांच्यातला इंजिनियर चुळबुळत होता.

"नाही साहेब, मशीन जागं आहे. डिस्क मधनंमधनं फिरतीय. त्याला फक्त माझं ऐकू येत नाही."

अकरा वाजून गेले. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसतीच बसली. मला तिचं लहानपण आठवलं. सहा वर्षांची असताना माझ्या टेबलाखाली लपून बसायची आणि मी पाय हलवला की ओरडायची, "भाऊसाहेबांचा पाय, इकडनं तिकडं!" तिच्या बापाचं गादीचं दुकान. तो तिला इथं सोडून जाताना माझ्यासमोर रडला होता. हे सगळं आठवूनसुद्धा मी गप्प उभा राहिलो. उलट मनात हिशोब चालला होता, की आता दोनच तास, मग एक वाजेल. स्वतःची एवढी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

साहेबांचा फोन वाजला. कारखान्याचं काहीतरी होतं. ते बोलत बोलत व्हरांड्यात गेले, मग अंगणात. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"भाऊसाहेब."

मी दाराकडं बघितलं.

"पडद्यावर काय आहे ते मी विचारत नाही. तसं ठरलंय, कळतंय मला. मी वेगळंच विचारते." तिनं तोंड माझ्या बाजूला वळवलं. "शनिवारनंतर इथलं काय हललंय का?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या शाळेत चिमुरडी पोरसुद्धा देते. हो, नाहीतर नाही. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "मला बोलायची मनाई आहे."

ती ऐकत राहिली, मी पुढं काही बोलतोय का याची वाट बघत. मग ती हळूच "बरं" म्हणाली. ओढणी खांद्याला गुंडाळून घेतली, खुर्ची मागं सारली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "खुर्ची, टेबलापासनं मागं."

"ऐकलं" म्हणायला हवं होतं.

ती गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरली. ऐन परीक्षेत असं रांगत जाणं तिला किती जड गेलं असेल ते मला तेव्हा सुचलं नाही. मशीन तिनं पुढं ओढलं. कीबोर्डची वायर चिमटीत धरून ती बोटांनी मागच्या बाजूला गेली. बोटं पिनेपाशी पोचली आणि थांबली. मग बाजूचा पत्रा चाचपू लागली. वर, खाली, पुन्हा वर. ती टिकली शोधत होती. टिकलीच्या जागी डिंकाचा चिकटा तेवढा लागला असणार. त्यावर तिचं बोट बराच वेळ होतं.

साहेब फोन खिशात घालत आत आले. "हे काय? खाली काय करतेस?"

रेश्मानं पिन उपटली, काळ्या खाचेत दाबून बसवली. आणि टेबलाखालूनच, शाळेच्या पद्धतीनं, साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"कीबोर्डची पिन, वरच्या खाचेतनं खालच्या खाचेत!"

कुणी काही बोललं नाही. साहेबांना नियम अर्धवटच माहीत. ते माझ्याकडं बघू लागले. मुली वर्गात होत्या. ती तशीच, डोकं टेबलाखाली, थांबून राहिली. मग पुन्हा तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "कीबोर्डची पिन, वरच्या खाचेतनं खालच्या खाचेत!"

"ऐकलं," मी म्हणालो.

"भाऊसाहेब!" साहेब करवादले. "बोलायचं नाही ठरलंय ना?"

"साहेब, ते बोलणं नव्हे," रेश्मा बाहेर येत म्हणाली. कपाळाला धूळ लागली होती. "हा शाळेचा नियम आहे. हललेलं सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं ऐकलं म्हणायचं."

"पण पिनेचं काय झालं होतं?"

"चुकीच्या खाचेत होती. या मशीनच्या दोन खाचा वेगळ्या चिपवर चालतात, साहेब. सुरुवातीला मशीन स्वतः त्यांना सांभाळून घेतं, म्हणून कीबोर्ड चालल्यासारखा वाटतो. इन्स्टॉलर आला की सगळा कारभार तो हातात घेतो, आणि त्याची त्या चिपशी ओळखच नाही. मग त्या खाचेत जे काय लावलंय ते मेलं."

"पण चुकीच्या खाचेत गेली कशी?"

ती टेबलाशी बसली, बटण दाबलं. "पिन आपोआप जात नाही, साहेब," एवढंच म्हणाली आणि शिट्टीची वाट बघू लागली.

शिट्टी वाजली. मामा आला. यादी संपली. तिनं आकडा दाबला आणि मामा लगेच पुढचं विचारू लागला. हिरवा दिवा लागलेला होता. साहेबांनी मांडीवर थाप मारली. पुढचं सगळं सुतासारखं सरळ झालं. एकला दहा मिनिटं कमी असताना मशीन बंद होऊन आपोआप चालू झालं आणि डिस्कशिवाय, स्वतःच्या बळावर, मामानं रेश्माचं नाव विचारलं. तिनं ते टाइप केलं. साहेब उठले आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून या." सकाळपर्यंत ते तिला पोरगी म्हणत होते.

ते गेल्यावर मी खोलीत थांबलो. म्हणालो, "पिन मीच हलवली होती. सकाळी पुसताना. टिकलीही मीच काढली."

"कळलं ते. पुसल्याचा वास आला होता मला, फिनेलचा. आत आल्या आल्याच."

"मग आधीच का नाही बघितलंस?"

तिनं वायर गुंडाळायची थांबवली. "बघितलं असतं की. सरावाच्या पहिल्या दिवशी त्या खाचेनं माझा अर्धा दिवस खाल्ला होता, म्हणून तर टिकली लावली. आज कीबोर्ड मेला तेव्हा पहिल्याच मिनिटाला तेच मनात आलं. पण आवाज आला नव्हता. आवाज आला नाही म्हणजे हललं नाही, असं धरून चालले मी. अठरा वर्षं तसंच धरून चालतोय आपण इथं." वायर पुन्हा गुंडाळत ती म्हणाली, "तुम्ही 'नाही हललं' म्हणाला असता, तर अजून ओळीच टाइप करत बसले असते. नाही म्हणाला नाहीत, म्हणून खाली वाकले."

"मनाई होती ना," मी पुन्हा म्हणालो. दुसरं काही सुचेना.

"पडद्यावरचं सांगायची मनाई होती, भाऊसाहेब. हललेलं सांगायला मनाई कुणी केली होती?"

खिशातल्या कागदाबद्दल मी बोललो नाही. घरी जाऊन तो चुलीत घातला. पद्मजाला पुढं मिरजेत एका दवाखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, सगळं बरं झालं. तो अर्ज तिनं कधी विचारला नाही आणि मी कधी सांगितलं नाही. रेश्मानंही विषय काढला नाही. एवढंच की, मी कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकलं की ती सगळ्या वर्गासमोर विचारायची, "काय भाऊसाहेब, आज काय हलवलंत?" मुली हसायच्या. मीही हसायचो. पण तिच्या आवाजात हसू नसायचं, ते मला ओळखू यायचं.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं झाली. संध्याकाळी मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. आता तिथं वीस मशीनं आहेत, आणि प्रत्येकाच्या मागं, बरोबर जागी, एक टिकली. मुली घरी गेल्या होत्या. रेश्मा मॅडम एकट्याच उद्याचा धडा लिहीत बसल्या होत्या.

"काय भाऊसाहेब, आज काय हलवलंत?"

"आज काही नाही," मी म्हणालो. "बारा वर्षांपूर्वीचं एक राहिलंय सांगायचं."

तिची बोटं थांबली.

मी सरळ उभा राहिलो आणि शाळेच्या पद्धतीनं, मोठ्यानं, आवाज फाटला तरी पूर्ण सांगितलं. "त्या दिवशी मनाई होती म्हणून मी गप्प नव्हतो. तू हरलीस तर पद्मजाला जागा मिळेल, म्हणून गप्प होतो. तिचा अर्ज माझ्या खिशात होता."

तिनं तोंड माझ्या बाजूला वळवलं. बाहेर अक्काताई बादली ओढत होत्या. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. माफ केलं म्हणेल, नाहीतर चालते व्हा म्हणेल. मी दोन्हीला तयार होतो.

"ऐकलं," ती म्हणाली.